प्याऊ अपडेट: दगड मोकळा झाला, आता पाण्याचं बघतोय

तर मंडळी, मुंबईत मस्जिद बंदरच्या आपल्या प्याऊचा, म्हणजे रस्त्याकडेच्या जुन्या दगडी पाणपोईचा, दगड पेंटखालून जवळजवळ मोकळा झालाय. मागच्या वेळी लिहिलं तेव्हा अर्धा भाग अजून ऑइल पेंटखाली होता, आता फक्त नक्षीच्या खाचांमधले आणि गोमुखाच्या मागचे थर राहिलेत. वर चॉकलेटी, त्याखाली हिरवा, मग पिवळा, परत हिरवा, आणि सगळ्यात खाली मालाड स्टोनचा तो मधासारखा रंग, जो दिसल्यावर समोरच्या गाळ्यातले शेठ स्वतः खाली उतरून दगडावर हात फिरवून गेले. इतकी वर्षं रोज समोर बसून त्यांना वाटत होतं की हे सिमेंटचंच काहीतरी आहे. (दात्याचं नाव आत्ता लिहीत नाही, पाटीवरची गुजराती अक्षरं वाचता येतायत पण घरच्यांशी बोलणं चालू आहे, त्यांचा होकार आला की लिहीन.)

जे नवीन आहेत त्यांच्यासाठी थोडं मागचं. मुंबईत आधी सगळा कारभार विहिरी आणि तलावांवर होता, १८६० ला विहारचं पाणी नळाने शहरात आलं, मग १८७९ ला तुळशी आणि १८९२ ला तानसा. नळ आला म्हणून रस्त्याच्या कडेला चोवीस तास पाणी देणारी दगडी पाणपोई बांधणं शक्य झालं. आणि पाणी पाजणं हे आपल्याकडे आधीपासूनच मोठं पुण्य, त्यामुळे कच्छी, भाटिया, पारशी व्यापाऱ्यांनी घरच्या माणसाच्या आठवणीत अशा प्याऊ उभारल्या. एकट्या कावसजी जहांगीर रेडीमनींनी शहराला चाळीसेक दिल्या म्हणतात. आमच्यापासून चालत जाण्याइतक्या अंतरावर भात बाजारात केशवजी नायकांची प्याऊ आहे, १८७६ ची, वर घड्याळाच्या टॉवरसकट. आणि फोर्टमध्ये रतनसी मुळजी जेठांची, १८९४ ची, ती ज्यांनी बघितली नसेल त्यांनी कृपा करून एकदा वाकडी वाट करून जा. मुलगा धरमसी पंधराव्या वर्षी गेला, त्याच्यासाठी बापाने ती बांधली, डिझाइन एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्सचं म्हणजे ज्याने व्हीटी केलं त्याचं, सोबत जेजे कला शाळेचे ग्रिफिथ्स. हत्तीच्या तोंडातून पाणी आणि सगळ्यात वर पुस्तक वाचत असलेला तो मुलगा. मला अख्ख्या मुंबईत याच्यापेक्षा जास्त मायेने बांधलेली दगडी वस्तू माहीत नाही.

आपली प्याऊ या मानाने लहान आहे. चार खांब, वर छोटा घुमट, दोन बाजूंना गोमुख, खाली जनावरांसाठी दगडी डोणी. पण जागा अशी की दिवसभर हातगाड्या आणि माथाडी समोरून जातात.

आता पेंटबद्दल, कारण यावरच सगळ्यात जास्त प्रश्न येतात. ऑइल पेंट दगडाचं तोंड बंद करतो. जमिनीतून आणि वरून ओल तर येतच राहते, ती बाहेर पडायला बघते आणि पेंटच्या मागे अडकते, तिच्यासोबत आलेले क्षार तिथेच जमतात, मग लोणा (क्षारांची पांढरी भुकटी) लागतो आणि दगडाचे पापुद्रे सुटायला लागतात. आमच्या उत्तरेकडच्या खांबाचं नेमकं हेच झालंय, पेंट वरून चकचकीत आणि आत बोट लावलं की पीठ. म्हणून पेंट काढायचा, पण कसाही नाही. वायर ब्रश अजिबात नको, त्याचे लोखंडाचे बारीक कण दगडात बसतात आणि पहिल्या पावसात गंजाचे डाग. ॲसिड तर नावच काढू नका, संगमरवराची पाटी आणि पोरबंदरी दगड दोन्ही चुन्याचे, ॲसिडने सरळ विरघळतात. सँडब्लास्टिंगने, म्हणजे वाळूच्या जोरदार माऱ्याने, दगडाची वरची कडक त्वचा निघून जाते, मग आतला मऊ भाग उघडा पडतो आणि पुढच्या दहा पावसाळ्यांत काय व्हायचं ते होतं. आम्ही पेंट रिमूव्हर लावून, थर फुगला की लाकडी आणि प्लास्टिकच्या पट्टीने काढतोय, नक्षीत दात घासायचा मऊ ब्रश आणि बांबूच्या काड्या. वेळ लागतो, लागू दे. परवानगी आणि कंझर्वेशन आर्किटेक्ट मॅडमची देखरेख दोन्ही आहे, हेही परत सांगतो, कारण मध्ये एकाने विचारलं की रविवारी जाऊन आपल्या आपण घासलं तर चालेल का. नाही चालणार. हेरिटेज यादीतली प्याऊ असेल तर हेरिटेज कमिटी आणि वॉर्ड ऑफिसशिवाय हात लावू नका, आणि यादीत नसली तरी आधी जाणकाराला दाखवा.

लोणा लागलेल्या खांबांवर लेप चालू आहे. मुलतानी माती, कागदाचा लगदा आणि डिस्टिल्ड पाणी, एकत्र मळून खांबावर जाड थापायचं आणि हळूहळू सुकू द्यायचं. सुकताना तो दगडातलं पाणी आणि त्यात विरघळलेले क्षार ओढून घेतो. मग काढून टाकायचा आणि परत नवीन. उत्तरेचा खांब अजून क्षार सोडतोय, बाकीचे शांत झालेत.

सांध्यांचं काम चाचांकडे आहे. चाचा म्हणजे आमचे गवंडी, वय झालंय पण चुन्यावर हात असा की बघत राहावं. कधीतरी कुणीतरी सगळे सांधे सिमेंटने भरून टाकले होते. सिमेंट दगडापेक्षा कडक आणि त्यातून ओल जात नाही, म्हणजे ओल मग दगडातूनच बाहेर पडणार आणि सांध्याच्या कडेचा दगडच झिजणार, आमच्याकडे सिमेंटच्या रेघा उभ्या आणि दगड मागे गेलेला असं स्पष्ट दिसत होतं. चाचांनी ग्राइंडर लावू दिला नाही, लहान छिन्नीने टिचून टिचून काढलं. आता भरतायत ते विरवलेला चुना, वाळू आणि सुरखी (भाजल्या विटांची पूड) यांचं. मला म्हणाले, "बेटा, सांधा दगडापेक्षा नरम हवा, झिजायचं असेल तर तो झिजेल, परत भरता येतो, दगड परत कुठून आणणार?" मे महिन्याच्या उन्हात चुना फटकन सुकला तर तडकतो, म्हणून वरून ओलं गोणपाट बांधून ठेवतोय आणि समोरच्या चहावाल्याचा पोरगा दिवसभरात आठवणीने पाणी मारतो. त्याला कुणी सांगितलं नव्हतं, स्वतःच सुरू केलं.

आणि आता मुख्य गोष्ट. एक माथाडी दादा रोज दुपारी आमच्यापाशी टेकतात, त्यांनी सरळ विचारलं, "दगड झ्याक केलात, पाणी कधी येणार?" मला वाटतं आपल्या सगळ्या कामाचा हाच प्रश्न आहे. फ्लोरा फाउंटन घ्या, १८६४ चं, २०१९ ला नव्याने उघडलं, पेंट निघून पोर्टलंड स्टोन दिसला म्हणून सगळ्यांनी फोटो टाकले, पण मला त्यातलं सगळ्यात मोठं काम वाटतं ते गळती थांबवून पाणी परत खेळतं केलं ते. शोभेच्या कारंज्याची ही गत, मग प्याऊ तर बांधलीच प्यायच्या पाण्यासाठी. पाणी नसलेली प्याऊ कितीही सुंदर केली तरी दोन वर्षांत परत तिथे बॅनर लागतात, मागे कचरा पडतो, कबुतरं घुमटात बसतात. पाणी चालू असलं की लोकच राखतात.

तर पाण्याचं असं ठरतंय. जुनी लाइन कधीच कापलेली आहे, नव्या कनेक्शनचा अर्ज वॉर्डमध्ये दिलाय. मुंबईत पाणी ठरावीक तासच येतं, त्यामुळे टाकी लागणारच, आणि सुदैवाने घुमटाखाली मूळ टाकीची जागा तशीच आहे, सध्या विटांचा राडा भरलाय. तिथे झाकणाची छोटी स्टील टाकी, आत बॉलकॉक (टाकी भरली की पाणी आपोआप बंद करणारा), ओव्हरफ्लो खाली डोणीत म्हणजे कुत्री-पक्षीही पितील. नवीन पाइप दगड न फोडता जुन्याच भोकातून नेणार. यूव्ही, म्हणजे जंतू मारणारा दिवा, बसवायचा की नाही यावर आमच्यात दोन मतं आहेत. माझं म्हणणं, तलावाचं पाणी मुळात कमी क्षारांचं, त्यामुळे आरओची काहीही गरज नाही, अर्धं पाणी गटारात घालवायला. टाकी स्वच्छ ठेवली, झाकण बंद ठेवलं आणि नळाच्या तोंडाशी क्लोरीन तपासलं, किमान ०.२ मिलिग्रॅम प्रतिलिटर मिळालं, शिवाय अधूनमधून लॅबची टेस्ट केली, तर पुरतं. यूव्हीला वीज लागते, दिवा बदलावा लागतो, आणि तो बंद पडलाय हे कुणाला कळतही नाही. स्टीलचा वॉटर कूलर दगडाला ठोकून बसवायला मात्र मी शेवटपर्यंत विरोध करणार.

देखभालीचं वेळापत्रक आधी ठरवलंय, पाणी यायच्या आधी. टाकी महिन्यातून एकदा रिकामी करून घासायची, जाळी आणि डोणी दर आठवड्याला, क्लोरीनचं किट चहावाल्याकडे राहील आणि वही शेठच्या दुकानात. घुमटाच्या खालच्या भोकांना बारीक जाळी, कबुतरांसाठी. पावसाळ्यानंतर सांधे बघायचे. पैसे फार लागत नाहीत, माणसं लागतात, आणि ती गल्लीतलीच हवीत, आमच्यासारखी रविवारी येणारी नाही.

आता मदत हवी आहे ती तोट्यांची. राडा उपसताना एक मूळ पितळी तोटी सापडली, मूठ तुटलेली पण बाकी आकार पूर्ण, तोंडाशी छोटं फूल कोरलेलं. पितळ चोरीला जातं म्हणून रोजच्या वापराला साधे पुशकॉक (दाबलं तरच वाहणारे नळ) लावतोय, पाणीही वाया जात नाही, पण गोमुखाच्या तोंडाशी या नमुन्याची एक तरी ओतून घ्यायचीय. एक-दोन नगाचं ओतकाम करणारे कारागीर कुणाला माहीत असतील, भुलेश्वरात, पुण्यात तांबट आळीत, कुठेही, तर सांगा. आणि तुमच्या भागातल्या चालू प्याऊवर अजून जुनी तोटी असेल तर जवळून फोटो काढून ठेवा, मूठ नीट दिसेल असा, सोबत मोजपट्टी धरून.