चप्पल ठेवा, घड्याळ बघा

उन्हाळ्यात परभणीच्या बसस्थानकात एका पोराला फिट आली. विशीतला असेल. आधी एक विचित्र आवाज (छाती आवळून आतली हवा बाहेर पडते त्याचा, वेदनेचा नव्हे), मग अंग ताठ, धाडकन फरशीवर आणि झटके सुरू. त्याला सांभाळणं अवघड नव्हतं. भोवतालच्या माणसांना आवरणं अवघड गेलं.

आधी वेळ बघितली, ११ वाजून ४२. डोक्याखाली गमज्याची घडी, गळ्याचं बटण मोकळं. लोखंडी बाक जमिनीत रोवलेलं, म्हणून डोकं आणि बाकाचा पाय यांच्यामध्ये बॅग ठेवली.

तेवढ्यात चप्पल आलीच. "नाकाला लावा की, काय बघायलाव?" मागोमाग फोडलेला कांदा, मुठीत कोंबायला किल्ल्यांचा जुडगा आणि दात उघडायला चमचा. माणूस जीभ गिळत नाही. चावली जाते, पण ती नंतर भरून येते. चमच्याने मात्र दात तुटतो आणि तुकडा श्वासनलिकेत जाऊ शकतो. हातपाय दाबून धरले तरी झटके थांबत नाहीत, खांदा मात्र निखळू शकतो. बहुतेक फिट एक ते तीन मिनिटांत आपोआपच थांबते. चप्पलही नेमकी तेव्हाच नाकाशी असते, म्हणून श्रेय तिला.

गर्दीला "नको" म्हणून भागत नाही, काम द्यावं लागतं. चप्पलवाल्या काकांच्या हातात मोबाइल दिला, "मिनिटं मोजा." दोघींनी पदराचा आडोसा धरला. दोन मिनिटांनी झटके थांबले, तर काका म्हणालेच, "बघा, वासानंच थांबलं!"

झटके ओसरताच कुशीवर वळवा. वरचा गुडघा वाकवून पुढे, हनुवटी किंचित वर, तोंड जमिनीकडे म्हणजे लाळ बाहेर गळते. ओठ निळसर पडलेले असतात, घोरल्यासारखा श्वास सुरू झाला की रंग परततो. श्वास आलाच नाही तर छाती दाबायला लागा आणि १०८ लावा.

झटके सुरू होऊन पाच मिनिटं उलटली तरी थांबले नाहीत, शुद्ध येण्याआधी दुसरी फिट आली, पहिलीच वेळ असेल, बाई गरोदर असेल, मधुमेह असेल, डोक्याला मार लागला किंवा पाण्यात असताना फिट आली, तरी १०८.

पाण्याची बाटली घेऊन चौघे उभे होते. नाव नीट सांगून उठून बसेपर्यंत घोटही नाही, पाणी फुफ्फुसात जातं. चष्मा असेल तर सुरुवातीलाच काढायचा, हे सांगायचं राहिलं.

नंतर तो उठून थेट गाड्यांकडे निघाला. भान पुरतं आलेलं नसतं, दंड धरला की झटापट होते. वाटेत उभं राहून हळू बोलत बाकाकडे वळवला. पँट ओली झाली होती, वर गमजा टाकला. खिशात गोळ्यांची पट्टी सापडली. लग्नाच्या धावपळीत दोन दिवस गोळी चुकली होती.

भाऊ घ्यायला आला तेव्हा तिकिटाच्या पाठीवर लिहून दिलं: ११.४२ ते ११.४४, आधी मान डावीकडे वळली. डॉक्टर पहिल्यांदा हेच विचारतात.