टाउपोच्या काठावरून

बुधवार, ११ डिसेंबर २०२४

आयर्नमॅन ७०.३ च्या जागतिक स्पर्धेसाठी, म्हणजे पोहणं, सायकल आणि पळणं एकापाठोपाठ, न्यूझीलंडला आलेय. ऑकलंडच्या विमानतळावर सायकलची पेटी उघडायला लावलीच. ते होणार हे माहीत होतं. न्यूझीलंडचं पोट शेतीवर आणि गुरामेंढरांवर, त्यामुळे बाहेरची माती, बी, पान यांच्याबाबत हे लोक भलते कडक. खायचं काही आणलं आणि फॉर्मवर लिहिलं नाही तर जागेवर ४०० डॉलर दंड. म्हणून निघायच्या आदल्या रात्री जुना टूथब्रश घेऊन पायरीवर बसले होते. टायरच्या खाचा, पेडल, बुटाच्या तळाचे, पेडलमध्ये अडकणारे क्लीट, सगळं घासलं. जोतिबाच्या घाटातली तांबडी माती साबणालाही दाद देत नाही. क्लीटच्या स्क्रूत अडकलेली शेवटी सुईनं काढली. अधिकारी बाईंनी हातमोजे चढवले, चाक फिरवून बघितलं, बूट उलटा केला आणि मान डोलावली. आईचे डिंकाचे लाडू तुपाचे म्हणून घरीच राहिले. शेंगदाण्याची चटणी फॉर्मवर लिहिली होती, ती वास घेऊन परत दिली.

तिथून गाडीनं साडेतीन-चार तास. टाउपो हे तळ्याकाठचं छोटं गाव, पण त्या पाण्याला तळं म्हणायला जीभ रेटत नाही. ६१६ चौरस किलोमीटर! हे सगळं एका ज्वालामुखीचं तोंड आहे. हजारो वर्षांपूर्वी स्फोट होऊन जमीन आत बसली आणि त्यात पाणी साठलं. काठावर प्यूमिसचे खडे पडलेत, पांढरट, जाळीदार. एक पाण्यात टाकला तर तरंगायला लागला. सह्याद्रीचा दगडही लाव्हाचाच, पण आमचा काळा बसाल्ट टाकला की थेट तळाला जातो. नळ-नीलांना हे तळं मिळालं असतं तर दगडांवर रामनाम लिहायचे कष्ट वाचले असते.

गुरुवार, १२ डिसेंबर

आज सगळ्या देशांची मिरवणूक होती. गळ्यात पट्टी, हातात झेंडा. आम्ही भारतातून आलेले एका कोपऱ्यात जमलो. पुण्याचे, मुंबईचे, बंगळूरचे. ओळख विचारायची इथली पद्धत ठरलेली: आधी ‘कुठल्या रेसमधून आलात?’ आणि मग नाव.

मी गोव्यातून आले. २०२३च्या ऑक्टोबरमधली ७०.३. म्हणजे १.९ किलोमीटर पोहणं, ९० किलोमीटर सायकल आणि २१.१ किलोमीटर पळणं, मैलांत मोजलं तर बेरीज ७०.३. इथेही अंतर तेच. फरक एवढाच की मिरामारला समुद्रात घाम येतो आणि इथे लोक रबरी सूट घालून पाण्यात उतरतात.

आल्या आल्या दादानं व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवला. चौकात फ्लेक्स लागलाय. ‘जागतिक आयर्नमॅन स्पर्धेत भारताचे प्रतिनिधित्व करणाऱ्या आमच्या भगिनीस हार्दिक शुभेच्छा!’ खाली शुभेच्छुकांचे गोल गोल फोटो, त्यातले निम्मे मी जन्मात बघितलेले नाहीत. सगळ्यात लहान फोटो माझा. हसू आलं, पण तो शब्द काही डोक्यातून जाईना. प्रतिनिधित्व.

मला कुणी निवडलेलं नाही. वर्ल्ड ट्रायथलॉन या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या वयोगटांच्या वेगळ्या जागतिक स्पर्धा असतात. तिथे देशाची संघटना खेळाडू पाठवते आणि अंगावर देशाचा पोशाख असतो. आयर्नमॅन ही कंपनी आहे. तिच्या एखाद्या रेसमध्ये आपल्या वयोगटात वरच्या नंबरात या, स्लॉट, म्हणजे जागतिक स्पर्धेतली जागा, घ्या, पैसे भरा आणि या. नावापुढे झेंडा येतो तो आपल्या राष्ट्रीयत्वाचा, एवढाच देशाचा संबंध.

आणि स्लॉट तरी कसा मिळाला? गोव्यात बक्षीस समारंभानंतर नावं पुकारतात. पुकारलेल्यानं तिथल्या तिथे हात वर करायचा आणि पैसे भरायचे. तो हजर नसेल, किंवा न्यूझीलंडचा खर्च ऐकून नको म्हणाला, तर स्लॉट खालच्या नंबराला. याला रोलडाउन म्हणतात. आमच्या ४५ ते ४९ वयोगटात बायका होत्याच किती! माझ्या वरची एक संध्याकाळच्या गाडीनं निघून गेली होती, दुसरीनं मान हलवली. माझं नाव आलं तेव्हा हातात गोबी मंचुरियनची प्लेट होती, ती शेजारच्याच्या मांडीवर ठेवून मी पळत गेले.

आता हे चौकात कसं सांगायचं? दादा म्हणतो, ‘अगं, लोकांना कौतुक वाटतंय, वाटू दे की. तुझं काय जातंय?’ त्याचंही खरंच आहे. पण मला वाटतं, आपल्याकडे खेळाला दोनच खाती आहेत. एक देशासाठी, म्हणजे पदक, सत्कार आणि नोकरीतला कोटा. दुसरं म्हणजे फाजील लाड. बँकेत कॅशला बसणारी, शेचाळिशी ओलांडलेली बाई चार लाखांवर खर्च करून जगात शेवटून कितवी तरी यायला जाते, हे कुठल्या खात्यात टाकायचं ते कुणालाच कळत नाही. मग देशाच्या खात्यात टाकतात. माझे साहेबसुद्धा रजा मंजूर करताना ‘देशासाठी चाललाय म्हणून’ असं म्हणाले, आणि रजा मिळाली म्हणून मी गप्प बसले.

तरी मिरवणुकीत झेंडा हातात आल्यावर छाती भरून आली, हेही लिहून ठेवते. माणूस इतका सुसंगत नसतो.

शुक्रवार, १३ डिसेंबर

सायकल लावून आले. शेकडो सायकली रांगेत टांगलेल्या, एकेकीची किंमत आमच्या गल्लीतल्या गाड्यांहून जास्त. माझी त्यात बरीच सालस दिसत होती. पाण्यात दहा मिनिटं उतरले. गार! घरी कोल्हापुरात राजाराम तलावात स्वतःचा हात दिसत नाही, इथे तळातले खडे दिसतात. खोली कळायला लागली की उगाच भीती वाटते, हे नवीनच. भात आणि दही खाल्लं. झोपते.

शनिवार, १४ डिसेंबर, रात्र

बायकांची रेस आज, पुरुषांची उद्या. जागतिक स्पर्धेत बायकांना असा आख्खा स्वतंत्र दिवस असतो हे मला फार आवडलं. गोव्यात आम्ही पुरुषांच्या गर्दीत तोंडी लावण्यापुरत्या असतो. इथे जिकडे बघावं तिकडे बायकाच. केस बांधणाऱ्या, व्हॅसलिन फासणाऱ्या, टॉयलेटच्या रांगेत एकमेकींना कागद देणाऱ्या.

वेटसूट, म्हणजे तो रबरी सूट, घालणं हे वेगळंच काम. पायावर प्लास्टिकची पिशवी चढवायची म्हणजे रबर सरकतं, मग नखं न लावता बोटांच्या पेरांनी इंच इंच वर ओढायचं. माझा सेकंडहँड, पुण्याच्या एका मुलीकडून घेतलेला, मांडीला थोडा तोकडा. शेजारच्या जर्मन बाईनं न विचारताच मागून चेन ओढून दिली आणि पाठीवर थाप मारली. पुढे पाण्यात मात्र सूटनंच सांभाळलं. पाय आपोआप वर तरंगतात, दमणूक कमी होते. पहिला गार झटका कपाळाला बसला, श्वास लागला, मग जमलं. पोहायला १ तास १० मिनिटांची मुदत असते. मी पाऊण तासाच्या आसपास बाहेर आले. गोव्यात एवढ्या वेळात माझ्या मागे पुष्कळ लोक होते. इथे मागे वळून बघावंसंच वाटलं नाही.

सायकलचं मात्र सविस्तर लिहायला हवं. इथला रस्ता डांबरावर खडी दाबून केलेला, खरखरीत. चाकाचा वेग खातो आणि हातांना सतत मुंग्या. आमच्याकडे खड्डे, यांच्याकडे खडी. पण खरी गंमत नियमाची. दुसऱ्याच्या मागे वाऱ्याच्या आडोशाला चालवायची मुभा आम्हाला नाही. पुढच्या सायकलच्या पुढच्या चाकापासून आपल्या पुढच्या चाकापर्यंत १२ मीटर अंतर हवं. ओलांडायला २५ सेकंद. मोडलं तर निळं कार्ड आणि तंबूत पाच मिनिटं उभं. आता यातली मेख अशी की कुणी तुम्हाला ओलांडून पुढे गेलं, की मागे सरकून ते १२ मीटर पुन्हा मोकळे करायचे तुम्ही! म्हणजे हळू चालवणारीनंच पेडल थांबवायचं. आणि आमच्यानंतरच्या टप्प्यांत सोडलेल्या बायका एकामागून एक येत होत्या. एक गेली, थांबले. वेग धरतेय तोवर दुसरी. जोतिबाचा घाट एका दमात चढणारी मी, सपाटीवर पेडल सोडून वाट बघत होते. पहिला तासभर चिडचिड झाली. कोल्हापुरी चार शब्द तोंडातून गेले, तिथे कुणाला कळणार म्हणून जरा मोठ्यानंच. नंतर कधीतरी त्यांचे पाय बघायला लागले. कसं फिरवतात, चढाला कधी उठतात, बाटली कशी न डगमगता उचलतात. पांढऱ्या केसांची एक आजी गेली, सत्तरीची तरी असेल. जाताना म्हणाली, ‘मस्त चाललीयस.’ तिच्यामागे मात्र मी मुद्दाम बराच वेळ १२ मीटर राखून राहिले. नियमात बसेल एवढा फायदा घ्यायला काय हरकत?

मी अजून सायकलवरच होते तेव्हा तिकडे अमेरिकेची व्यावसायिक खेळाडू टेलर निब जिंकूनही मोकळी झाली, चार तासांच्या आत. हे तिचं सलग तिसरं विजेतेपद. आमचा रस्ता एकच, पाणी एकच. क्रिकेटमध्ये मला कोण बुमराहच्या चेंडूवर उभं करणार आहे?

पळणं तळ्याच्या कडेकडेनं. लोक अंगणात खुर्च्या टाकून बसलेले, कुणी पाण्याचा पाइप धरलेला. छातीवरचं नाव वाचून ओरडायचे, माझ्या नावाचे नाना अवतार ऐकले. एका वळणावर गुजराती काका तिरंगा घेऊन उभे. इथे कोपऱ्यावरच्या दुकानाला डेअरी म्हणतात आणि अशा बऱ्याच डेअऱ्या गुजराती कुटुंबांच्या. दुसऱ्या फेरीला त्यांनी फ्रीजमधला बर्फ रुमालात बांधून आणला होता. बाहेरच्यांची मदत घ्यायची नसते, म्हणून हात जोडून पुढे गेले. त्यांचं तोंड उतरलं. नंतर जाऊन सांगायला पाहिजे होतं की तसा नियम आहे. उद्या जाते.

७ तास २४ मिनिटं. मुदत साडेआठ तासांची. वयोगटातला नंबर वरून मोजण्यात अर्थ नाही, खालून लवकर सापडतो.

घरी तेव्हा सकाळचे आठ वाजले होते. आई मध्यरात्रीपासून, मी कुठे पोचले ते दाखवणाऱ्या अ‍ॅपवरच्या ठिपक्याकडे डोळे लावून बसली होती. पहिला प्रश्न, ‘मध्येच इतका वेळ का थांबली होतीस? चक्कर आली होती का?’ तिला सांगितलं की तो ठिपका खरा नसतो. रस्त्यावर टाकलेल्या वेळमोजणीच्या चटईवरून गेलं की वेळ नोंदते, मधला सगळा अंदाज. ‘मग मी रात्रभर अंदाजच बघत बसले होय!’ म्हणाली आणि फोन दादाकडे दिला.

रविवार, १५ डिसेंबर

डेअरीत जाऊन आले. काकांनी पैसे न घेता आइस्क्रीम दिलं.

पुरुषांची रेस बघितली. बेल्जियमचा येले घेन्स पहिला, यांचा घरचा हेडन वाइल्ड दुसरा. वाइल्ड आला तेव्हा कानठळ्या बसल्या. मग मी दुपारभर तिथेच बसले, आपल्याकडचे यायचे होते. एकाच्या पायात गोळे आले होते. शेवटच्या रेषेच्या थोडं अलीकडे थांबला, कठड्याला धरून पाय ताणला आणि तसाच लंगडत आला. मुदत राहिली होती. त्याला आम्ही इतके ओरडलो की शेजारच्या फ्रेंच लोकांनी विचारलं, हा कुणी मोठा खेळाडू आहे का? आमच्यातल्या सोलापूरच्या एक बाई म्हणाल्या, ‘हो!’

संध्याकाळी सायकल खोलायला बसले. डावं पेडल उलट्या आट्याचं, ते दर वेळी कुणीतरी आठवण करून द्यावं लागतं, इथे दोघींनी एकदमच दिली. तेवढ्यात राजाराम तलावावरच्या सकाळच्या ग्रुपवर मेसेज आला. आमच्यातली एक, जी दोन मुलांना शाळेत सोडून पोहायला येते आणि माझ्यापेक्षा जोरात पोहते, विचारत होती: पुढच्या गोव्याची नोंदणी कधी उघडते, आणि सायकल नसली तर काय करतात? मी लिहिलं, सायकल माझी चालव, उंची सारखीच आहे, सीट फक्त एक बोट खाली घ्यावी लागेल. तिचं उत्तर आलं: नवऱ्याला अजून सांगितलेलं नाही, ग्रुपवर बोलू नकोस.