साडेतीननंतर बघू

आधी मी एका आयटी कंपनीत होतो, तिथे तिकीट, म्हणजे तक्रार, आली की एसएलए बघायचा, म्हणजे ती सोडवायची ठरलेली मुदत, चार तास की आठ तास, चहा पिऊन मग जायचं. शेअर ब्रोकरच्या ऑफिसात आयटी सपोर्टला आल्यावर कळलं की एसएलए वगैरे कागदावर, इथे सगळं मार्केटच्या वेळेवर चालतं. 9 ला प्री-ओपन, 9:15 ला मार्केट चालू, 3:30 ला बंद. या मधल्या वेळात डीलिंग रूममध्ये, म्हणजे जिथे डीलर क्लायंटच्या ऑर्डर टाकतात तिथे, मशीनवर पॅच नाही, अपडेट नाही, साधं रिस्टार्टसुद्धा डीलरला विचारल्याशिवाय नाही. कोणी म्हणालं स्क्रीन जरा पिवळी दिसतेय, तर उत्तर ठरलेलं, साडेतीननंतर बघू.

म्हणून आमचं खरं काम मार्केट उघडायच्या आधी. डीलर यायच्या आत एक राउंड मारायचा, ऑर्डर टाकायचं टर्मिनल लॉगिन होतंय का, नेटवर्कच्या दोन्ही लिंक चालू आहेत का, रात्री कुठल्या शहाण्या अपडेटने मशीन अर्ध्यात अडकवून ठेवलंय का, आणि व्हॉइस लॉगर, म्हणजे फोनवरचं बोलणं रेकॉर्ड करणारी सिस्टीम, चालू आहे का. हा व्हॉइस लॉगर नवीन पोरं हमखास विसरतात. क्लायंटने ऑर्डर दिल्याचा पुरावा ब्रोकरकडे असायलाच लागतो, सेबीचा नियम आहे, आणि फोनवर ऑर्डर घेतली तर पुरावा म्हणजे ते रेकॉर्डिंग. ते बंद असेल आणि नंतर क्लायंट म्हणाला की मी असं बोललोच नव्हतो, तर मग बसा.

एकदा ॲडमिनने नवे कीबोर्ड मागवले, स्लिम, दिसायला एकदम झकास, रात्री सगळ्या डेस्कवर लावून टाकले. सकाळी 9:15 ला आमचे सगळ्यात सिनिअर डीलर, गुजराती आहेत पण मराठी आपल्यापेक्षा चांगलं बोलतात, ओरडले, "अरे भाऊ, एफ-वन दाबतोय तर आवाज बंद होतोय, माझी ऑर्डर कुठाय?" टर्मिनलवर एफ-वन म्हणजे बाय आणि एफ-टू म्हणजे सेल, ही माणसं वीस-वीस वर्षं तीच दोन बटणं न बघता दाबतायत, आणि या नव्या कीबोर्डवर तिथे आवाज कमी-जास्त करायची बटणं! एफएन आणि एस्केप एकत्र दाबून लॉक फिरवला की काम होतं, पण ते एकेका डेस्कवर वाकून करेपर्यंत जे काय ऐकून घ्यावं लागलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. दुसऱ्या दिवशी अर्ध्या लोकांनी आपले जुने, अक्षरं पुसलेले कीबोर्ड स्टोअरमधून परत आणले आणि मीही गपचूप लावून दिले.

बाकी सगळीकडे सपोर्टवाल्याचा पहिला प्रश्न काय असतो, "रिस्टार्ट केलंत का?" इथे पहिला प्रश्न "पोझिशन ओपन आहे का?", म्हणजे घेतलेला सौदा अजून मिटायचा राहिलाय का? माझ्या मते या नोकरीत शिकण्यासारखं हेच आहे, बाकी सगळं गुगलवर मिळतं. डीलरचं मशीन हँग झालं आणि पोझिशन उघडी असेल तर मशीनला हातच लावायचा नाही, आधी त्याला शेजारच्या टर्मिनलवर बसवायचं किंवा आरएमएस, म्हणजे रिस्क सांभाळणाऱ्या डेस्कला फोन लावून द्यायचा, सौदा कापला गेला की मग बघायचं रॅम गेलीय की हार्डडिस्क. आणि तेव्हाही दुरुस्ती करत बसायचं नाही, तयार ठेवलेलं स्पेअर मशीन लावायचं, जुनं उचलून घेऊन जायचं. टेक्निकली हुशार पोरं इथेच मार खातात, त्यांना एररच्या मुळाशी जायचं असतं, तोपर्यंत निफ्टी खाली गेलेला असतो. एक्सपायरीच्या, म्हणजे ऑप्शनच्या सौद्यांची मुदत संपते त्या दिवशी तर विचारूच नका. निफ्टीची वीकली एक्सपायरी आधी गुरुवारी असायची, सप्टेंबर 2025 पासून मंगळवारी आली, त्यामुळे आमचा रजा न मिळण्याचा वारही बदलला.

बॅक ऑफिसची दुखणी वेगळीच. सगळ्या मशीनचे यूएसबी पोर्ट ब्लॉक, आणि अकाउंट्सवाल्या मॅडमना डिजिटल सिग्नेचरचा टोकन लावायचा असतो तो यूएसबीचाच, मग अप्रूव्हलचे मेल, एक्सेप्शन, ड्रायव्हर, आणि शेवटची तारीख आजच.

19 जुलै 2024 चा शुक्रवार आठवत असेल. क्राउडस्ट्राइक या सिक्युरिटी सॉफ्टवेअरचं ते बिघडलेलं अपडेट आपल्याकडच्या वेळेने 9:39 ला सुटलं, म्हणजे मार्केट उघडून अर्धा तासही झाला नव्हता. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने जगभरात 85 लाख मशीन निळी स्क्रीन दाखवून बंद पडली. एनएसई-बीएसई व्यवस्थित चालू होते आणि आमच्याकडे ते सॉफ्टवेअर नव्हतं म्हणून वाचलो, पण दिवसभर प्रत्येक डीलर येता-जाता विचारत होता, आपलं पण जाणार का? नीट बघितलं तर उपाय साधा होता, सेफ मोडमध्ये जाऊन एक फाइल उडवायची, पण ते एकेका मशीनपाशी बसून, आणि डिस्कवर बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप, असेल तर आधी त्याची रिकव्हरी की. त्यानंतर आमच्या साहेबांनी सगळ्या ब्रँचच्या की नीट सेव्ह आहेत का ते तपासायला लावलं. चांगलंच झालं, कारण पुढे सांगली ब्रँचचं एक मशीन की मागायला लागलं. 48 आकडे, सहा-सहाचे आठ गट, फोनवर. तिकडचे काका मोठ्या हौसेने "एकोणऐंशी, सत्त्याण्णव" असं जोडीजोडीने परत म्हणून दाखवायचे आणि दर वेळी कुठेतरी घसरायचे. शेवटी म्हटलं काका, एकेक आकडा बोला, घाई नाही. घाई होती, पण असं म्हटल्याशिवाय होत नाही.

शनिवारी कधीकधी एक्स्चेंजचं मॉक ट्रेडिंग असतं, म्हणजे खोट्या ऑर्डर टाकून सिस्टीम तपासायची, डीलर दोन तासांत घरी जातात आणि आपण राहिलेले पॅच मारत बसतो. कॉम्प-ऑफ, त्या बदल्यातली सुट्टी, मिळतो, म्हणजे पोर्टलवर दिसतो तरी.

पगाराचं बरेच जण विचारतात. बहुतेक ठिकाणी तुम्ही ब्रोकरच्या पेरोलवर नसताच, मधल्या एफएमएस, म्हणजे कॉन्ट्रॅक्टवर माणसं पुरवणाऱ्या कंपनीच्या पेरोलवर असता, बोनसचे पेढे डीलिंग रूममध्ये वाटले जातात तेव्हा आपल्या वाट्याला फक्त पेढा येतो. तेव्हा इंटरव्ह्यूला जाल तर डीएचसीपी-डीएनएसचा अभ्यास कराच, पण ऑफर लेटर कोणाच्या लेटरहेडवर येणार आहे आणि कॉन्ट्रॅक्ट किती महिन्यांचं आहे, हे तिथे बसल्या बसल्या विचारून घ्या.