दुरुस्तीनंतर बंद झालेली जवारी

नवतप्यात नागपुरातील प्रयोगशाळेत ध्वनीची चाचणी घ्यायची, म्हणजे आधी कूलर बंद करावा लागतो, कारण त्याची घरघर नेमकी तंबोऱ्याच्या सर्वांत खालच्या, खर्जाच्या तारेवर येऊन बसते. त्या दुपारीही तो बंद होता, आणि महाल भागात वाद्यदुरुस्ती करणारे एक काका गमछ्याने मान पुसत स्पीकरसमोर बसले होते. तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तार घोडीला हलकेच टेकत राहिल्याने उमटणारा गुंजारव, काढण्यात त्यांचे आयुष्य गेले असल्याने मी त्यांना मुद्दाम बोलावले होते.

आमचा तंबोरा एका लहानशा एफपीजीए चिपमध्ये, म्हणजे हवे ते मंडल (सर्किट) आतल्या आत जोडता येणाऱ्या चिपमध्ये होता. त्यातील प्रत्येक तार म्हणजे केविन कार्प्लस आणि अ‍ॅलेक्स स्ट्राँग यांनी 1983 साली प्रसिद्ध केलेल्या पद्धतीची एक आवृत्ती. ध्वनीच्या नमुन्यांची, म्हणजे क्षणाक्षणाच्या मापांची, एक रांग स्मृतीत फिरत राहते, प्रत्येक फेरीत शेजारच्या दोन नमुन्यांची सरासरी घेतली जाते, आणि त्यामुळे वरचे उपस्वर लवकर विरतात, खालचे सावकाश. सेकंदाला 44,100 नमुने धरले, तर काळी एक या पट्टीतील जोडाच्या (मधल्या षड्जाच्या) तारेसाठी ही रांग सुमारे 318 नमुन्यांची होते आणि खर्जासाठी जवळजवळ दुप्पट. जवारीसाठी आम्ही एक पातळी ठरवली होती. तार त्या पातळीखाली गेली की ती घोडीला टेकली असे मानायचे. या टेकण्यातूनच उपस्वर पुन्हा पुन्हा उमटतात. तार जिथे छेडली तिथे ज्यांचा निस्पंद बिंदू (कंप न पावणारी जागा) येतो, ते उपस्वरही तंबोऱ्यात स्पष्ट ऐकू येतात, हे चंद्रशेखर वेंकट रामन यांनी 1921 साली मांडले होते. (वित्त खात्यात नोकरीला असताना रामन काही काळ नागपुरात होते, हे सांगितले की आमचे विद्यार्थी हटकून सुखावतात.)

संशोधनाचा खरा विषय मात्र संगीत नव्हता. अशा चिपमध्ये मंडलाची जोडणी स्मृतीतील बिटांनी ठरते, त्यामुळे अवकाशातील एखाद्या ऊर्जावान कणाने एक बिट उलटवला तरी मंडलच बदलू शकते, आणि उपग्रह उघडून दुरुस्त करायला सहसा कोणी जाऊ शकत नाही. म्हणून आमची चिप स्वतःची जोडणी सतत वाचत राहते, त्रुटीशोधक संकेताच्या आधारे उलटलेला बिट ओळखते आणि जागच्या जागी सुधारते. जमिनीवर असे बिघाड क्वचितच होत असल्याने ते आम्हीच घडवून आणतो. तारा छेडणारे गणक आम्ही तिहेरी ठेवले होते आणि तिघांपैकी दोघांचे मत ग्राह्य धरले होते. जॉन फॉन नॉयमन यांनी 1956 साली याच बहुमताच्या तत्त्वाचा सविस्तर विचार केला होता. तारांना तिहेरी करण्याइतकी जागा मात्र चिपमध्ये नव्हती. त्या एकेरीच होत्या, आणि बिट सुधारला की तार सुधारली, असे आम्ही गृहीत धरले होते.

विद्यार्थ्याने तिसऱ्या तारेच्या बेरीज करणाऱ्या भागातील एक बिट उलटवला. क्षणभर खरखर झाली आणि थांबली. पडद्यावर दुरुस्ती पूर्ण झाल्याची नोंद आली, आणि मूळ प्रतीशी ताडून पाहिल्यावर जोडणीत एकाही बिटाचा फरक निघाला नाही. काकांची मान मात्र तिरकीच राहिली.

"मॅडम, तिसऱ्या तारेचं सूत सरकलं नं. जवारी बंद झाली पहा."

सूत म्हणजे तार आणि घोडी यांच्यामध्ये घालून जवारी जुळवायचा दोरा. विद्यार्थ्याने लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. त्यांनी तिकडे पाहिलेही नाही. "ते राहू दे बाबू. याच्यात सूत कुठं आहे, ते दाखव."

सुताच्या जागी आमच्याकडे घोडीची ती पातळी होती, आणि तिचा आकडा जसाच्या तसा होता. विद्युतलहरी दाखवणाऱ्या ऑसिलोस्कोपवरही काही वावगे दिसेना. दिसणारही नव्हते, कारण स्पीकरकडे जाणाऱ्या वाटेवर कपॅसिटर होता आणि तो स्थिर विद्युतदाब अडवतो. शेवटी तिसऱ्या तारेची रांगच स्मृतीतून काढून पडद्यावर उतरवली, तेव्हा उलगडा झाला. कंपन शून्याच्या दोन्ही बाजूंना व्हायला हवे होते, ते सगळेच्या सगळे वर उचलले गेले होते. बिघाडाच्या त्या क्षणात चुकीच्या बेरजांनी रांगेत एक स्थिर अंश घुसवला होता. बेरजा पुन्हा बिनचूक झाल्या, तरी दोन समान संख्यांची सरासरी तीच संख्या येते. त्यामुळे इतर सारे विरत गेले आणि तेवढा अंश झिजेना. घोडी जागेवर होती. तार तिच्यापासून वर उचलली गेली होती. कानाला न ऐकू येणारी ती उंची जवारीतून मात्र ऐकू येत होती. जोडणी तपासणाऱ्या यंत्रणेला हे कळण्याचा प्रश्नच नव्हता, कारण फिरणारे नमुने तिच्या कक्षेत येतच नाहीत.

काकांना हे सांगितले, तेव्हा ते म्हणाले, "मग खाली बसवा तिला."

रांग पुसून टाकणे सोपे होते, पण त्याने तार मध्येच तुटल्यासारखी वाजली असती. म्हणून आम्ही रांगेची चालती बेरीज ठेवली, म्हणजे येणारा नमुना मिळवायचा आणि जाणारा वजा करायचा. तीवरून निघालेला स्थिर अंश दोन छेडींच्या मधल्या अवकाशात थोडाथोडा उतरवत नेला. एकदम उतरवला तर खट्ट असा आवाज येतो, आणि तो काकांनी लगेच पकडला. संध्याकाळी जवारी पुन्हा खुली झाली, ती त्यांच्या हुंकारावरून आम्हाला समजली. मग त्यांनी दुसरी तार किंचित चढी असल्याचे सांगितले, आणि तेही बरोबर निघाले.

ही चालती बेरीजही स्मृतीतच राहते, म्हणजे बिघाड तिलाही गाठू शकतो. एकेका तारेमागे एकच संख्या असल्याने तिच्या तीन प्रती मात्र त्या चिपमध्ये मावल्या.