बाबांचा आजार आणि भेटीला आलेली माणसं

बाबांच्या गालातल्या जखमेचा रिपोर्ट आला आणि दुसऱ्या दिवशी तो गावभर झाला. आमचं गाव आर्वी तालुक्यातलं. वर्धा नदी ओलांडली की पलीकडे मोझरी. सोयाबीन घरी आलं होतं, कापूस फुटायला वेळ होता, त्यामुळे लोकांना जरा उसंत होती. ओसरीवर रोज कोणी ना कोणी येऊन बसायचं. उपचार कठीण होतेच, पण ते डॉक्टरांच्या हातात होते. आमच्याकडे होतं ते लोकांचं बोलणं निभावून नेणं, आणि माझ्या काकांचं न बोलणं.

बाबा अनेक वर्षं खर्रा खात होते. पन्नीत तंबाखू, सुपारी आणि चुना घोटून पानठेल्यावर मिळतो तो. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, पण आमच्याकडे खर्रा घोटणारे हात काही थांबले नाहीत. आधी बाबांना तिखट सोसेनासं झालं. मग तोंड पूर्ण उघडेना. भाकरीचा घास लहान होत गेला आणि शेवटी आई भाकर वरणात कुस्करून देऊ लागली. गालाच्या आतला फोड बरा होईना, तेव्हा तालुक्याच्या दातांच्या डॉक्टरांनी टॉर्च लावून पाहिलं आणि तुकडा काढून तपासायला सांगितलं.

आत्या तिथेच अडून बसली. "तुकडा काढला का कॅन्सर पसरते. शिवू नोका त्याले," ती म्हणाली. ही समजूत आमच्या भागात इतकी घट्ट आहे की शिकलेली माणसंही मान डोलावतात. डॉक्टरांनी भावाला बसवून समजावलं: तुकडा काढल्याने आजार पसरत नाही, आणि तो न तपासता कोणता कॅन्सर आहे, काय उपचार करायचे, हे ठरत नाही. वाढतो तो वाट पाहण्याने. दुसरीकडे चुलतभावाने मध्य प्रदेशाच्या हद्दीत झाडपाल्याचं औषध देणाऱ्याकडे जायला गाडीही ठरवली होती. त्याला मी हात जोडून सांगितलं की आधी दवाखाना. तो रागावला, पण त्याने गाडी परत पाठवली.

मग प्रश्न आला बाबांना सांगायचं का. मामा, आत्या, शेजारचे गुरुजी, सगळ्यांचं एकच म्हणणं होतं: "त्याले सांगू नोका, हाय खाईन तो." आई तर या विषयावर बोलायलाच तयार नव्हती. ती देवघरासमोर बसून राहायची. पण आम्ही त्यांना नेणार होतो ते नागपूरच्या तुकडोजी पुतळा चौकातल्या दवाखान्यात, ज्याचं नावच राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालय. बाबा जन्मभर तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळातले. संध्याकाळची सामुदायिक प्रार्थना त्यांनी कधी चुकवली नाही. त्यांना ती पाटी वाचता येणार नाही असं कोणाला वाटत होतं? शस्त्रक्रियेच्या कागदावर सहीसुद्धा त्यांचीच लागणार होती. ज्याचा जबडा कापायचा त्यालाच ते न सांगता न्यायचं, हे मला पटेना.

निघायच्या आदल्या रात्री मी सांगितलं. बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "महाराजही यानंच गेले. कधी नेता मले?"

तुकडोजी महाराज ११ ऑक्टोबर १९६८ रोजी मोझरीच्या गुरुकुंज आश्रमात गेले, ते कॅन्सरनेच. आमच्याकडच्या म्हाताऱ्या माणसांना हे ठाऊक असतं, कारण दरवर्षी पुण्यतिथीला तिथं लाखोंची गर्दी मौन धरून उभी राहते. बाबांनी त्या रात्री एवढा एक धागा पकडला आणि तो सोडला नाही. पुढे ओसरीवर कोणी तरी म्हणालं, "खर्रा खाल्ला, भोगा आता." आई आत रडायला लागली. बाबांनी शांतपणे विचारलं, "महाराजानं कोणता खर्रा खाल्ला होता?" त्या दिवशी ओसरीवर पुढे कोणी तो विषय काढला नाही. खर्र्याने कॅन्सर होतो हे शंभर टक्के खरं आहे. तंबाखूच नाही, नुसती सुपारीही कॅन्सरला कारण ठरते. हे मी आज शाळेतल्या पोरांना ओरडून सांगते. पण आजारी माणसासमोर बसून हिशोब मांडायला येणं, हे मला अजूनही सहन होत नाही.

भेटीला येणारे आणखी एक गोष्ट घेऊन यायचे: मोठ्या माणसांची नावं. तरुण पोरं युवराज सिंगचं नाव घ्यायची. २०११ चा विश्वचषक गाजवला, पुढच्या वर्षी अमेरिकेत केमो घेतली आणि त्याच वर्षी पुन्हा भारताकडून खेळला. वयस्कर माणसं शरद पवारांचं सांगायची. २००४ मध्ये तोंडाच्या कॅन्सरची शस्त्रक्रिया झाली आणि त्यानंतर दहा वर्षं केंद्रात कृषिमंत्री राहिले. आणि कोणी तरी हळूच आर. आर. आबांचं नाव काढायचं. आबा आमच्या गावाला जवळचे. गाडगेबाबांच्या नावाचं ग्रामस्वच्छता अभियान त्यांनी काढलं तेव्हा बाबांनी चौक झाडला होता. गडचिरोलीचं पालकमंत्रिपद त्यांनी मागून घेतलं होतं, हेही लोक विसरले नव्हते. १६ फेब्रुवारी २०१५ ला ते गेले, सत्तावन्न वर्षांचे. तोंडाचाच कॅन्सर. त्यांचं नाव निघालं की ओसरीवर सगळे बाबांकडे बघायचे, आणि लगेच दुसरीकडे.

मला या नावांचा त्रास व्हायचा. नागपूरच्या एका तरुण डॉक्टरांनी तो कमी केला. ते म्हणाले, युवराजची गाठ छातीत दोन फुप्फुसांच्या मधे होती, आणि त्या जातीची गाठ केमोने फार चांगली विरते. तुमच्या बाबांची गालातली आहे, तिला आधी शस्त्रक्रिया, मग शेक, म्हणजे रेडिएशन. दोघांना कॅन्सर म्हणतात एवढंच. मग मी घरी आलेल्या प्रत्येकाला हेच सांगू लागले. कोणाचा कुठला, किती पसरलेला, किती लवकर कळला, यावर सगळं असतं. लोक ऐकायचे. माहिती दिली की ओसरीवरचं वातावरण बदलायचं, हे मी पाहिलं.

पैशाचं भय काकूंच्या तोंडून सगळ्यात आधी आलं: "वावर इकावं लागते आता." ते विकावं लागलं नाही. दवाखान्यात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा आरोग्यमित्र बसतो. त्याच्याकडे रेशन कार्ड, आधार आणि तपासण्यांचे कागद दिले की तो मंजुरीसाठी पाठवतो. पूर्वी वर्षाला कुटुंबामागे दीड लाखापर्यंतचा खर्च मिळायचा, आता मर्यादा ५ लाखांची आहे. आमचं कार्ड केशरी, त्यामुळे अडलं नाही. पांढरं कार्ड असलेल्या शेतकऱ्यालाही आमच्या वर्धा जिल्ह्यात सातबारा दाखवून लाभ मिळतो. अमरावती विभागात आणि मराठवाड्यातही तसंच आहे. हे माहीत नसल्याने किती जण सावकाराच्या दारात जातात, याचा विचार केला की जीव तुटतो.

शस्त्रक्रियेत जबड्याचा एक भाग आणि मानेतल्या गाठी काढल्या. छातीवरचं मांस आणि कातडं वर घेऊन गाल भरला. नाकातून नळी, त्यातून दूध, पातळ वरण, गाळलेलं पेज. घरी आल्यावर बाबा आतल्या खोलीतून बाहेर येईनात. नळी दिसते, चेहरा वाकडा दिसतो. माझी भाची पहिल्यांदा त्यांना बघून आईच्या मागे लपली, तेव्हा त्यांनी भिंतीकडे तोंड केलं.

यातून बाहेर काढलं माझ्या भावाने. त्याने मोबाइलवर मनोहर पर्रीकरांचा फोटो दाखवला. नाकात नळी, अंगाने वाळलेले, आणि डिसेंबर २०१८ मध्ये गोव्यात पुलाचं काम बघायला उभे. पुढच्या जानेवारीत नळीसकट त्यांनी विधानसभेत अर्थसंकल्प मांडला आणि मार्चमध्ये ते गेले. तेव्हा त्यांना विश्रांती द्यायला हवी होती, असं मला वाटलं होतं आणि आजही वाटतं. पण बाबांनी तो फोटो बराच वेळ पाहिला आणि पाटीवर लिहिलं, "खुर्ची बाहेर टाक." जी नावं मला ओझं वाटत होती, त्यांतलं एक असं कामी आलं. कारण भावाने ते बाबांना काय करायचं हे शिकवायला वापरलं नाही, नुसतं दाखवलं.

शेक आठवड्याचे पाच दिवस, सहा आठवड्यांच्या आसपास चालतो. आम्ही धर्मशाळेत राहिलो. शनिवार-रविवारी एसटीने गावी. बायकांना अर्धं तिकीट असल्याने आई किंवा मी सोबत असायचो. तोंड आतून सोलून निघतं, लाळ आटते, पाणीसुद्धा टोचतं. तोंड आखडू नये म्हणून दातांमध्ये आइस्क्रीमच्या काड्या एकावर एक ठेवून व्यायाम करायचा असतो. हे काम भाचीकडे दिलं. ती काड्या मोजायची आणि एक वाढली की अंगणभर सांगत सुटायची. घाबरलेल्या पोरीला काम मिळालं आणि तिची भीती गेली.

काका या सगळ्या काळात आले नव्हते. सख्खा भाऊ, वाडा एकच, मधे फक्त भिंत. आत्या त्यांना नको नको ते बोलली. शेक सुरू झाला तेव्हा कापूस फुटला होता. आम्ही नागपूरला आणि वावरात बोंडं लोंबत होती. एका रविवारी गावी आलो तर कापूस वेचून घरात रचलेला. मजुरीही काकांनीच दिली होती. ते दारात उभे होते, आत येत नव्हते. बाबांनी त्यांना हाताने बोलावलं, जवळ बसवलं आणि आपली तीन बोटं उभी जोडून तोंडासमोर धरली. तोंड नीट उघडत असेल तर तीन उभी बोटं आत जातात, हे दवाखान्यात शिकवलेलं. काकांची दोनही धड जाईनात. तेही तेवढाच खर्रा खात होते. भावाकडे यायला ते का धजत नव्हते, ते तेव्हा कळलं.

मी त्यांना नागपूरला नेलं. कॅन्सर नव्हता. तोंडाच्या आतलं कातडं सुपारीने कडक झालेलं. डॉक्टर म्हणाले, पूर्ण पहिल्यासारखं होणार नाही, पण आज सोडलं तर पुढचं टळू शकतं, आणि दर काही महिन्यांनी दाखवत राहायचं. काकांनी परतीच्या बसमध्ये पन्नी खिडकीतून फेकली नाही. ती खिशातच राहिली, घरी आल्यावर काकूंच्या हातात दिली.

आता बाबा तपासणीला जातात, बोलणं थोडं अस्पष्ट आहे, पण प्रार्थनेला बसतात. ओसरीवर आलेल्या माणसांना तीन बोटं घालायला लावतात. परवा खालच्या आळीतला पोरगा आला. त्याच्या वडिलांना जिभेवर जखम आहे, रिपोर्ट आलाय, घरचे म्हणतात सांगू नका. मी त्याला कार्ड कोणत्या रंगाचं आहे ते विचारत होते, तेवढ्यात बाबा मधेच बोलले, "आज रातच्यालाच सांग. अन् उद्या त्याले माह्याकडे घेऊन ये."