९९ टक्क्यांवर अडलेली पट्टी
आज अंधेरीच्या ऑफिसात एकाच प्रश्नावर बराच खल झाला: मोठी एक्सेल फाइल अपलोड झाल्यावर मागे रांगेत काम चालू असताना समोरच्या माणसाला नेमके काय दाखवायचे? सर्व्हरने २०२ (‘विनंती स्वीकारली, काम अजून बाकी’) हा प्रतिसाद आणि जॉबचा, म्हणजे त्या कामाचा, क्रमांक देऊन लगेच मोकळे व्हावे, वर्करने, म्हणजे मागे ते काम करणाऱ्या प्रोग्रामने, दर शंभर ओळींनंतर रेडिस या झटपट डेटा साठवणाऱ्या प्रणालीत आकडा नोंदवावा आणि ब्राउझरने तो दोन-दोन सेकंदांनी विचारत राहावे, यावर एकमत झाले. वेबसॉकेटचा (सर्व्हर आणि ब्राउझरमधल्या सतत खुल्या जोडणीचा) आग्रह मला इथे निव्वळ हौसेचा वाटला. वाद पेटला तो टक्केवारीवरून. फाइलमधल्या ओळी तपासून संपल्या तरी पुढे पीडीएफ व्हायची बाकी असते आणि प्रगती दाखवणारी पट्टी ९९ वर ताटकळते. त्यापेक्षा ‘८,४०० पैकी ६,२०० ओळी तपासल्या’ आणि नंतर ‘पीडीएफ तयार होत आहे’ असे सरळ लिहिलेले बरे. वर्कर मध्येच बंद पडल्यास शेवटच्या नोंदीच्या वेळेवरून ते ओळखायचे, हे उद्याच्या कामात धरले आहे.