कॉमिक कॉनमध्ये जुने अंक विकणारे कुठे गेले?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितोय. कॉमिक कॉन म्हणजे कॉमिक्सच्या चाहत्यांचा मोठा मेळावा, तिथे विक्रेते स्टॉल लावतात. प्रश्न बहुतेक वेळा असाच येतो: "सकाळची पंचवटी पकडून मुंबईला कॉमिक कॉनला गेलो. टीशर्ट मिळाले, पोस्टर मिळाली, बाहुले मिळाले. पण जुनी इंद्रजाल कॉमिक्स, अमर चित्र कथेचे जुने अंक, राज कॉमिक्स विकणारा कोणी दिसलाच नाही. ही माणसं गेली कुठे?" आणि त्याला जोडूनच: "मग नाशिकमध्ये आपल्याला असं काही करता येईल का?"

अमेरिकेतले विक्रेते मागे हटले. आपल्याकडचे मुळात तिथे नीट पोचलेच नव्हते. हा फरक आधी लक्षात घ्या. सॅन डिएगोचं कॉमिक कॉन १९७० साली सुरू झालं तेव्हा जुन्या अंकांची टेबलं हा त्याचा कणा होता. लोक पेट्या चाळायलाच यायचे. पुढे सिनेमा आणि टीव्हीवाले आले, जागा महाग झाली, आणि २०१७ मध्ये डेन्व्हरच्या माइल हाय कॉमिक्सने सलग ४४ वर्षं लावलेला स्टॉल बंद करत असल्याचं जाहीर केलं. इतकं मोठं दुकान मागे फिरतं तेव्हा लहानांचं काय होत असेल ते सांगायला नको. आपल्याकडे पहिलं कॉमिक कॉन २०११ मध्ये दिल्ली हाटला झालं. तिथे प्रकाशक आपापली नवी पुस्तकं घेऊन आले. जुन्या अंकांचा धंदा मात्र फुटपाथवर, रद्दीच्या दुकानात आणि रविवारच्या बाजारात होता. तो माणूस भाड्याचा स्टॉल घेणारा नव्हताच.

वाचक संपले, मुलं मोबाइलवर गेली, हे कारण सगळे देतात. मला ते अपुरं वाटतं. खरी अडचण टेबलाच्या हिशोबात आहे. समजुतीसाठी आकडे धरू. स्टॉलची दर्शनी बाजू तीन मीटर. तिथे पेट्यांसमोर खांद्याला खांदा लावून चार माणसं उभी राहतात. जुने अंक घेणारा माणूस एकेक अंक पुढे ढकलत चाळतो, मधूनच एखादा उपसून बघतो, यादीशी ताडून पाहतो. त्याला वीस मिनिटं लागतात, आणि ती लागायलाच हवीत. म्हणजे तासाला बारा गिऱ्हाइकं. रोज आठ तास धरले तर तीन दिवसांत २८८, तेही टेबल एक क्षण रिकामं राहिलं नाही तर. प्रत्येकाने तीनशे रुपयांचे अंक घेतले असं मानलं तरी गल्ला ८६,४०० रुपयांच्या पुढे जात नाही. त्यातले निम्मे माल विकत घेण्यात आधीच गेलेले असतात. उरलेल्या ४३ हजारांत स्टॉलचं भाडं, टेम्पो, दोन माणसांचं राहणं-जेवण. शेजारच्या टीशर्टवाल्याकडे गिऱ्हाईक तीन मिनिटांत साइज सांगून, पैसे देऊन मोकळं होतं. तेवढ्याच जागेत त्याच्यापुढून सहा-सात पट माणसं जातात, आणि भाडं दोघांना सारखंच. जागा चौरस फुटाने आणि दिवसाने विकली जाते. जुन्या कॉमिक्सला निवांत हात लागतात. हे गणित कुठल्याही आयोजकाच्या चांगुलपणाने सुटत नाही.

त्यात वजन. कॉमिक्सची मोठी पुठ्ठ्याची पेटी, जिला लाँग बॉक्स म्हणतात, तिच्यात पिशवी आणि पुठ्ठा घातलेले दोनशे ते अडीचशे अंक बसतात आणि ती पंचवीस किलोच्या आसपास जाते. बऱ्यापैकी टेबल मांडायचं तर दहा पेट्या हव्यात, म्हणजे अडीचशे किलो कागद. तो नाशिकहून कसारा घाट उतरवून न्यायचा, हॉलच्या मागच्या दाराने चढवायचा आणि न विकलेला परत आणायचा. शंभर टीशर्ट वीसेक किलोत बसतात. शिवाय पेटी उचलताना तळ सुटला की खालच्या चाळीस अंकांचे कोपरे मुडपतात, आणि कोपरा मुडपला की भाव उतरला. म्हणून पेटीच्या तळाला आडवी-उभी टेप मारायची आणि पेटी नेहमी खालून, दोन्ही हातांनी उचलायची. बाजूच्या खाचेत बोटं घालून भरलेली पेटी उचलू नये, पुठ्ठा तिथेच फाटतो.

तिसरं कारण मला सगळ्यात मोठं वाटतं. चांगला माल टेबलापर्यंत येतच नाही. पूर्वी रद्दीत आलेला इंद्रजालमधल्या वेताळचा (फँटमचा) अंक विक्रेता बाजूला काढून ठेवायचा आणि ओळखीचं गिऱ्हाईक आलं की दाखवायचा. आता तो मुखपृष्ठाचा फोटो काढून व्हॉट्सॲपच्या किंवा फेसबुकच्या ग्रुपवर टाकतो. पहिला "मला" म्हणेल त्याचा. दहा मिनिटांत व्यवहार संपतो, भाडं नाही, टेम्पो नाही. पाठवणंही परवडतं. टपाल खात्याने १ मे २०२५ पासून पुस्तकांसाठी ज्ञान पोस्ट सुरू केलं, त्यात ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि ५ किलोपर्यंत १०० रुपये, वर कर. मात्र ठरावीक मुदतीने निघणारी प्रकाशनं त्यात बसत नाहीत, म्हणून कॉमिक्स पाठवताना खिडकीवर आधी विचारून घ्या. साय अशी वरच्यावर निघून गेली की टेबलावर उरतात ते सगळ्यांकडे असलेले अंक. संग्राहक एकदा येतो, चाळतो, रिकाम्या हाताने जातो आणि पुढच्या वर्षी टेबलाकडे फिरकत नाही.

ज्यांना फक्त गोष्ट वाचायची होती त्यांचीही सोय झाली. पुनर्मुद्रणं आली, स्कॅन केलेल्या फायली फिरू लागल्या. तिकडे अमेरिकेत २००० साली सीजीसी ही दर्जा ठरवणारी संस्था सुरू झाली. अंक तपासून, दहापैकी गुण देऊन, प्लास्टिकच्या कडक डबीत बंद करून मिळतो. डबीतला अंक उघडता येत नाही, त्यामुळे तो हातात घेऊन बघायची गरज राहत नाही. तो फोटोवर विकला जातो. टेबलाचं काम तिथेही कमी झालं.

आता नाशिककडे वळू. माझं मत स्पष्ट आहे: मोठ्या कॉनच्या नादी लागू नका. भाडं जवळजवळ शून्य असेल आणि वेळ भरपूर असेल अशी जागा शोधा. एखाद्या वाचनालयाची खोली, शाळेचा वर्ग, सोसायटीचा हॉल. रविवारी सकाळी दहा ते दोन. आपल्या शहराला वाचनालयांची जुनी सवय आहे, सार्वजनिक वाचनालय १८४० पासून आहे. पुस्तकासमोर अर्धा तास उभं राहणं इथे कुणाला वावगं वाटत नाही. मोकळ्या मैदानात, मांडवाखाली मात्र करू नका. डोंगरे वसतिगृहाच्या मैदानावर कपड्यांचं प्रदर्शन छान होतं, पण न्यूजप्रिंटला ऊन आणि वारा दोन्ही मारक. दुपारच्या कडक उन्हात कागद पिवळा पडायला लागतो आणि मुखपृष्ठावरचा लाल उडू लागतो.

माल कुठून आणायचा? जुन्या नाशकात, पंचवटीत वाडे पाडले जातात तेव्हा माळ्यावरची पेटी खाली येते. रद्दीवाल्याला आधीच सांगून ठेवा, कारण एकदा गठ्ठा मोठ्या गोदामात गेला की हाती लागत नाही. इंद्रजालचे साधारण वीस अंक एक किलो भरतात. रद्दीच्या भावाने ते कवडीमोल आहेत, म्हणून रद्दीवाल्याला किलोच्या भावाने न देता नगावर पैसे द्या. पुढच्या वेळी तो स्वतः फोन करतो. बंद पडलेल्या भाड्याच्या वाचनालयांचा मालही येतो, पण त्यात दहा-दहा अंक दोऱ्याने एकत्र शिवून, कडा कापून बाइंडिंग केलेलं असतं. ते उसवून सुटे अंक करायच्या फंदात पडू नका. कडा कापल्या आहेत त्या परत येत नाहीत, आणि उसवताना पाठ फाटते. खंड म्हणूनच विका, वाचणारा आनंदाने घेतो.

अंक तपासताना घाई करू नका. टेबलावर स्वच्छ पांढरा कागद पसरा, अंक त्यावर आडवा ठेवा आणि मधलं पान उघडा. तिथे दोन पिना दिसतील. पिनेभोवती तांबूस डाग असेल तर गंज कागदात उतरला आहे. बोटाने हलकेच दाबलं तर मधलं पान पिनेपासून सुटून येतं, म्हणजे तिथला कागद खाल्ला गेलाय. नवी पिन मारू नका, चिकटपट्टी तर मुळीच लावू नका. चिकटपट्टीचा गोंद काही वर्षांत तपकिरी होतो आणि पानाच्या आरपार जातो. मग पानं मोजा. कोडं सोडवलंय का, कूपन कापलंय का, शेवटचं पान आहे का ते बघा. वास घ्या. ओलीचा वास आला तर तो अंक बाकीच्यांपासून वेगळा ठेवा, नाहीतर महिन्याभरात शेजारचेही वास मारू लागतात. कागदावर वरवरचे खरवडल्यासारखे पट्टे दिसले तर कसर लागलेली आहे.

अमर चित्र कथेत आवृत्ती ओळखणं महत्त्वाचं. मालिका १९६७ पासूनची, आणि एकच कथा पुन्हा पुन्हा छापली गेली आहे. मुखपृष्ठावर विसंबू नका. आतली छापील किंमत आणि प्रकाशकाचं नाव वाचा. इंडिया बुक हाउस असेल तर जुनी, एसीके मीडिया असेल तर २००७ नंतरची. जुनी म्हणून नवी विकली गेली तर ते गिऱ्हाईक पुन्हा येत नाही, आणि चार जणांना सांगतं. इंद्रजाल मार्च १९६४ ते १९९० या काळातलं. सुरुवातीला अंकांना सलग क्रमांक आहेत, नंतर खंड आणि अंक अशी पद्धत आली, म्हणून यादी दोन्ही पद्धतींनी ठेवावी लागते. इंग्रजी मालिकेत १२३ आणि १२४ हे क्रमांक संपामुळे निघालेच नाहीत. ते शोधणारा कोणी आला तर त्याला हे प्रेमाने सांगा, त्याची पायपीट वाचेल.

पिशव्यांसाठी परदेशी माल मागवायची गरज नाही. शर्ट पॅक करायच्या बीओपीपी, म्हणजे एक प्रकारच्या पॉलिप्रॉपिलीनच्या, पिशव्या पॅकिंग मटेरियलच्या दुकानात मिळतात. पॉलिप्रॉपिलीन कागदाला चालतं, पीव्हीसी चालत नाही. त्याचा वास येतो आणि ते शाईला चिकटतं. अंकाचं माप घेऊन पिशवी प्रत्येक बाजूने अर्धा सेंटिमीटर मोठी घ्या. मागचा पुठ्ठा मिठाईच्या खोक्याचा, पाठीमागून राखाडी असणारा वापरू नका. त्यातलं आम्ल अंकात उतरतं. चित्रकलेच्या दुकानात आम्लरहित माउंट बोर्ड मिळतो, तो मापाने कापून घ्या. किमतीची चिठ्ठी पिशवीवर, अंकावर कधीच नाही.

मांडणी साधी ठेवा. सहा फुटांच्या टेबलावर तीन पेट्या, कमरेच्या उंचीला. जमिनीवर पेटी ठेवली तर पन्नाशीच्या पुढचा माणूस वाकत नाही, आणि इंद्रजालचं खरं गिऱ्हाईक त्याच वयाचं आहे. पेटी ठासून भरू नका, चार बोटांची जागा सोडली तरच अंक पुढे ढकलता येतात. ठासलेल्या पेटीतून अंक उपसताना मागच्याचं मुखपृष्ठ फाटतं. वीस रुपयांची पेटी, पन्नासची पेटी, शंभरची पेटी असे सरसकट भाव ठेवले की घासाघीस होत नाही. महागडे दहा-बारा अंक मागे भिंतीशी, मागितल्यावर हातात द्यायचे. मराठी अंक वेगळे लावा, हिंदी-इंग्रजीत मिसळले तर ते शोधणारा कंटाळून जातो. यूपीआयचा कोड असू द्या, पण दहा-वीसच्या सुट्ट्या नोटाही ठेवा. टेबलावर चहा नको.

पहिल्या तासात माणशी दहाच अंक, हा नियम पाटीवर लिहून लावा. असं केलं नाही तर एखादा व्यापारी सव्वादहाला येऊन अख्खी पेटी उचलतो, आणि अकरा वाजता बाप-लेक येतात तेव्हा काहीच उरलेलं नसतं. विक्रेत्याला त्या दिवशी बरं वाटतं, बाजार मात्र तिथेच मरतो. अदलाबदलीसाठी एक टेबल राखून ठेवा, तिथे पैसे अजिबात नकोत, अंकाला अंक.

आणि एक जाड वही ठेवा. प्रत्येक पानावर एका माणसाचं नाव, फोन आणि त्याला हवे असलेले अंक. ग्रुपवर मिळत नाही ते इथे मिळतं. कोणाकडे काय जास्तीचं आहे आणि कोणाचं काय अडलं आहे हे समोरासमोर कळतं. दोन-तीन बैठकांत वही भरली की रद्दीवाल्याकडे गेल्यावर काय उचलायचं हे तुम्हाला पाठ असतं, आणि माल टेबलावर येण्याआधीच त्याचा मालक ठरलेला असतो. तो अंक ग्रुपवर टाकायचा मोह होईल. टाकू नका, वहीतल्या माणसाला रविवारी बोलवा. तो एकासाठी येतो आणि पाच घेऊन जातो.

जून ते सप्टेंबर मात्र बैठक नको. हवेतली ओल उघड्या पेटीत शिरते. त्या महिन्यांत अंक उभे, बाहेरच्या भिंतीपासून लांब, वरच्या फळीवर ठेवा, प्रत्येक पेटीत सिलिका जेलच्या दोन पुड्या टाका आणि पंधरा दिवसांनी बदला. डांबराच्या गोळ्या पिशवीत घालू नका, तो वास कागदातून जात नाही. पहिली बैठक दिवाळीनंतरच्या एखाद्या रविवारी लावा. दिवाळीच्या आवराआवरीत माळे रिकामे झालेले असतात, आणि रद्दीवाल्याकडे गठ्ठे अजून सुटायचे असतात.